शेडमधून पाण्यापर्यंत: ८० मीटरचं जहाज जमिनीवरून नेमकं कसं नेतात?

धक्का_अभियंता

नमस्कार. माझं काम धक्के आणि पाइल फाउंडेशनचं, त्यामुळे जमीन कळते, जहाज कळत नाही. पूर्वी जहाज पाण्याकडे उतरत्या स्लिपवेवरच बांधायचे आणि घसरवत सोडायचे. आता बऱ्याच ठिकाणी ते सपाट जमिनीवर, छपराखाली पूर्ण करतात आणि मग अख्खंच्या अख्खं उचलून पाण्यापर्यंत नेतात. माझगाव गोदीतल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्याही पाँटूनवर (सपाट तळाच्या तरंगत्या बार्जवर) बसूनच बाहेर पडल्या.

हिशेबासाठी असं धरू: लांबी ८० मीटर, रुंदी १४ मीटर, जहाजाचं वजन १,८०० टन, शेडपासून धक्का ३५० मीटर आणि वाटेत एक काटकोनी वळण. चाकांच्या किती गाड्या लागतील? जमिनीवर दाब किती येईल? जहाज धक्क्यावरून बार्जवर चढताना बार्ज खाली-वर होणार, ते कसं सांभाळतात? आणि एसपीएमटी, रूळ, रबरी एअरबॅग यांपैकी काय केव्हा वापरायचं? आकडे घालून सांगितलंत तर फार मदत होईल.

---

दाब_आणि_झडप

आधी एसपीएमटीबद्दल, म्हणजे स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या, एकमेकींना जोडता येणाऱ्या हायड्रॉलिक गाड्या. नेहमीचं मॉड्यूल २.४३ मीटर रुंद असतं आणि चार किंवा सहा अ‍ॅक्सल लाइनचं मिळतं. दोन लाइनमधलं अंतर १.४ मीटर, प्रत्येक लाइनला चार टायर. प्रत्येक चाकजोडी स्वतंत्र वळते, त्यामुळे गाडी पुढे, तिरकी, आडवी जाते किंवा जागच्या जागी फिरते. तुमचं काटकोनी वळण ही अडचणच नाही, वळताना जहाजाची दोन्ही टोकं कुठल्या खांबाला लागणार नाहीत एवढं पाहायचं. गाडीची पाठ प्रकारानुसार साधारण १.२ ते १.५ मीटर उंचीवर असते आणि एकूण ६०० ते ७०० मिमी वर-खाली होते. जहाज उचलण्याचं काम ही वर-खाली होणारी पाठच करते, वेगळी क्रेन लागत नाही.

हिशेब: जहाज १,८०० टन आणि क्रेडल (जहाज ज्यात बसतं तो आधाराचा सांगाडा) व आडवे गर्डर मिळून १५० टन, म्हणजे १,९५० टन. वजनाच्या अंदाजात चूक असणारच असं धरून ५ टक्के वाढवा, सुमारे २,०५० टन. लाइनची क्षमता ४० टन धरली तर तिचं स्वतःचं वजन सुमारे ४ टन त्यातच येतं. ४० लाइनच्या दोन रांगा घेतल्या (प्रत्येक रांगेत सहा लाइनची सहा मॉड्यूल आणि चार लाइनचं एक) तर ८० लाइन होतात. मग एका लाइनवर २५.६ टन जहाजाचे आणि ४ टन स्वतःचे, एकूण २९.६ टन. क्षमतेच्या ७४ टक्के. याहून ताणू नये, कारण मालाचं वाटप कधीच कागदावरच्यासारखं समान येत नाही.

जमिनीवरचा दाब: एका लाइनखालचं क्षेत्र १.४ × २.४३ = ३.४ चौ.मी., म्हणून सरासरी ८.७ टन प्रति चौ.मी. हा पसरलेला दाब झाला. टायरच्या ठशाखाली मात्र टायरमधल्या हवेएवढा दाब असतो आणि गटाराची झाकणं, केबलचे ट्रेंच, पेव्हर ब्लॉक तिथे मोडतात. मातीची बेअरिंग पुरेशी असूनही झाकण खचल्यामुळे काम अडतं. वाटेतल्या प्रत्येक ट्रेंचवर २० ते २५ मिमी जाडीच्या पोलादी प्लेट टाका, आणि ट्रेंच रुंद असेल तर आधी तो भरून घ्या.

खेचायला लागणारं बळ: एकूण वजन २,०५० + ३२० = २,३७० टन. कठीण जमिनीवर रोलिंग रेझिस्टन्स ३ टक्के धरा, ७१ टन. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून दिलेला १ टक्क्याचा उतार चढणीच्या दिशेने आला तर आणखी २४ टन. यावरून किती लाइनची चाकं स्वतः ढकलणारी हवीत आणि किती पॉवर पॅक (इंजिन-पंपाचे संच) लागतील ते ठरतं. वेग माणसाच्या सावकाश चालीपेक्षाही कमी ठेवतात. ३५० मीटर जायला तासाभराच्या आत-बाहेर लागतं, तयारीला मात्र कित्येक दिवस.

आता गटांबद्दल, कारण खरी मेख इथेच आहे. सगळ्या लाइनचे सिलिंडर तीन किंवा चार हायड्रॉलिक गटांत जोडतात. एका गटातल्या सगळ्या सिलिंडरांत तेलाचा दाब एकच, म्हणून जमीन खाली-वर असली तरी प्रत्येक चाक सारखाच भार घेतं. तीन गट केले तर जहाज तीन पायांच्या स्टुलासारखं बसतं, पिळवटत नाही. चार गट केले तर आडवी स्थिरता वाढते, पण एका कोपऱ्यातली जमीन खचली की समोरासमोरच्या दोन गटांवर भार सरकतो आणि जहाजासारख्या ताठ वस्तूला पीळ पडतो.

तुमच्या जहाजासाठी दोन रांगांच्या मध्यरेषा ७ मीटर अंतरावर ठेवल्या, गुरुत्वमध्य चाकांच्या सांध्यापासून ७ मीटर उंच धरला आणि मागे दोन व पुढे एक असे तीन गट केले, तर जहाज कलंडायला साधारण १८ अंश कलावं लागेल. चार गटांत हेच २६ अंश. पण रांगा ४ मीटरवर आणल्या तर तीन गटांत ११ अंशच उरतात. क्रेडलच्या गर्डरचं पोलाद वाचवण्यासाठी रांगा जवळ घेण्याचा मोह होतो. तो टाळा.

---

लाँचिंग_कॅल्क

वरचा हिशेब बरोबर आहे. त्यात जहाजाची बाजू जोडतो.

बांधताना जहाज कील ब्लॉकवर, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याखालच्या ठोकळ्यांवर असतं. इंजिन रूम पिछाडीला, म्हणून तिथे ब्लॉक दाट आणि वजनही तिथेच. एसपीएमटीवर चढवलं की आधार एकदम बदलतो. गाड्या ५६ मीटर लांबीत जवळपास एकसारखं ढकलतात, वरचं वजन मात्र एकसारखं नाही, शिवाय दोन्ही टोकांना १२-१२ मीटर जहाज अधांतरी राहतं. त्यामुळे हल (जहाजाचं धूड) कमानीसारखा वर फुगतो किंवा मध्ये खाली बसतो. हा वाक काढून तो जहाजाच्या परवानगीच्या बेंडिंग मोमेंटमध्ये बसतो का ते आधी पाहावं लागतं. जमिनीवरच्या जहाजात बरेचदा वरचा डेक अर्धवट असतो, मोठी मशिनरी बसवायला भोकं ठेवलेली असतात. पूर्ण जहाजाची ताकद धरून केलेला हिशेब तिथे चुकीचा ठरतो.

स्थानिक ताकद त्याहून महत्त्वाची. आडवे गर्डर बल्कहेडखाली (आतल्या आडव्या भिंतीखाली) किंवा वेब फ्रेमखालीच (मजबूत बरगडीखालीच) यायला हवेत. फ्रेमच्या मधोमध आले तर तळाची प्लेट आत दबते, आणि तो पोचा जहाज पाण्यात गेल्यावरच सापडतो. गर्डर आणि तळ यांच्यामध्ये वर नरम लाकूड, खाली कठीण लाकूड ठेवतात. नरम लाकूड चेपून उंचीतला काही मिलिमीटरचा फरक खाऊन टाकतं.

उचलण्याचा क्रम: चारही बाजूंनी लाकूड टेकेपर्यंत वर या. मग अंदाजित भाराच्या २५, ५०, ७५ टक्क्यांवर थांबत जा. प्रत्येक थांब्यावर गटांचे गेज वाचा आणि कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहा. ब्लॉक मोकळे झाले की १० ते २० मिमी वर अर्धा तास तसंच धरून ठेवा. दाब उतरतोय का, कुठे गळतंय का, लेव्हल सरकतेय का ते या वेळात दिसतं. गेजवरून निघालेलं एकूण वजन आणि गुरुत्वमध्य जर हिशेबापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त हटले तर जहाज परत ब्लॉकवर ठेवायचं आणि कारण शोधायचं. बहुतेक वेळा कारण टाकीत राहिलेलं पाणी किंवा डेकवर ठेवलेली रंगाची पिंपं, स्कॅफोल्डिंग, वेल्डिंग मशीन हेच असतं. टाक्या एकतर कोरड्या करा नाहीतर काठोकाठ भरा. अर्धवट टाकीतलं पाणी कलंडणाऱ्या बाजूला धावतं.

३५० मीटरचा प्रवास त्यामानाने सोपा. जहाज हलवताना जे बिघडतं ते आधार बदलण्याच्या क्षणी: ब्लॉकवरून गाडीवर, धक्क्यावरून बार्जवर, आणि शेवटी क्रेडलवरून पाण्यावर.

---

उधाण

बार्जवर चढवण्याचं गणित मी मांडतो, कारण हा भाग समुद्र ठरवतो.

बार्ज धरू ९० मीटर लांब, २७ मीटर रुंद, ६ मीटर खोल. पाण्यावरचं क्षेत्र २,४३० चौ.मी., म्हणजे खाऱ्या पाण्यात १ सेंमी बुडायला सुमारे २५ टन. गाड्यांसकट २,३७० टन पूर्ण चढले की बार्ज ९५ सेंमी खाली जाणार. पण भार एका टोकाकडून चढतो. पहिला चौथा हिस्सा, म्हणजे गाड्यांचे पहिले १४ मीटर डेकवर आले, तेव्हा ५९० टन धक्क्याकडच्या टोकाजवळ बसलेले असतात. बॅलास्टला (बार्जच्या टाक्यांतल्या तोलाच्या पाण्याला) हातच लावला नाही तर ते टोक २४ सेंमी सरळ बुडण्यामुळे आणि ६० सेंमी कलण्यामुळे, मिळून ८४ सेंमी खाली जाईल. गाडीचा स्ट्रोक मधल्या स्थितीपासून ३०० मिमी वर किंवा खाली. म्हणजे जहाज अर्धंही चढायच्या आत काम संपलं. म्हणून धक्क्याकडच्या टाक्या आधीच भरून ठेवतात आणि भार जसा चढेल तसं तिथलं पाणी बाहेर काढतात. बार्जचा डेक आणि धक्का यांत १०० मिमीपेक्षा जास्त फरक पडू द्यायचा नाही, एवढं लक्ष्य ठेवा.

आता भरती. सहा तासांतली चढ बारा भागांत वाटली तर पहिल्या तासात १, मग २, ३, ३, २ आणि शेवटच्या तासात १ भाग पाणी चढतं. म्हणून चढवण्याचं काम पूर्ण भरतीच्या आधीच्या दोन तासांत बसवतात. त्या दोन तासांत ३ भाग, म्हणजे एकूण चढीचा चौथा हिस्सा मिळतो. गोव्याकडे चढ २ मीटर धरली तर बार्ज ५० सेंमी उचललं जातं, म्हणजे १,२४५ टनांची मदत. उरलेले सुमारे १,१२५ टन पाणी पंपाने बाहेर काढायचं. मुंबईत उधाणाला चढ ४.४ मीटर धरली तर त्याच दोन तासांत १.१ मीटर, म्हणजे २,७४० टन. जहाजाच्या भारापेक्षाही जास्त! तिथे उलट ३७० टन पाणी आत घ्यावं लागतं.

काम लांबलं तर? मुंबईत पूर्ण भरतीनंतरच्या पहिल्या तासात ३७ सेंमी उतरतं, म्हणजे ९२० टन पाणी तासाभरात बाहेर फेकता आलं पाहिजे. दुसऱ्या तासात ७३ सेंमी, १,८०० टनांच्या वर. पंपांची क्षमता ठरवायची ती या उशिराच्या तासावरून, वेळेत होणाऱ्या कामावरून नाही. एक पंप आणि एक जनरेटर बंद पडला तरी पुरेल इतकी जादा व्यवस्था हवी. आणि आधीच ठरवून ठेवा की किती लाइन चढेपर्यंत मागे येता येईल. त्या खुणेपुढे गेलात की फक्त पुढेच. शक्य असेल तर भांगाच्या दिवसांत काम करा. तेव्हा चढ-उतार कमी असतो. फक्त बार्जच्या तळाखाली पुरेसं पाणी राहतंय याची खात्री करा.

धक्का आणि बार्ज यांच्यामधल्या फटीवर जाड पोलादी लिंक प्लेट असतात, कडा तासलेल्या. तुम्ही धक्क्याचे माणूस आहात म्हणून हे खास: धक्क्याच्या शेवटच्या दीड-दोन मीटरमध्ये, कॅपिंग बीमवर (पाइलच्या माथ्यावरच्या काठाच्या तुळईवर), भार घ्यायची परवानगी बरेचदा नसते. तेव्हा प्लेट मागच्या पाइलच्या रांगेपर्यंत नेतात आणि कडेवरून जाताना त्या लाइनची चाकं वर उचलून घेतात. बाकीच्या लाइन तो भार वाटून घेतात, म्हणून हिशेबात ती जागा आधीच सोडलेली असावी.

वारा १० मीटर प्रति सेकंद झाला की थांबतात. ८० मीटर लांब, १२ मीटर उंच बाजूवर तेव्हा सुमारे ७ टन रेटा येतो. २,००० टनांपुढे तो किरकोळ वाटेल, पण बार्जचे दोर आणि विंच यांना तो जाणवतो आणि बार्ज धक्क्यापासून काही सेंमी सरकलं तरी लिंक प्लेट निसटू शकते.

---

धक्का_अभियंता

हे आकडे हवे होतेच. बार्ज समुद्रतळावर टेकवून ठेवलं तर भरतीचा प्रश्न सुटत नाही का? आणि बार्ज खोल पाण्यात नेऊन बुडवायचं तर खोली किती लागते?

---

उधाण

सुटतो. तळावर वाळू-खडीची सपाट गादी करून, बार्जमध्ये पूर्ण भरतीलाही उचललं जाणार नाही इतकं पाणी भरून बसवतात. मग घाई राहत नाही. पण गादी काही सेंमीतही असमान असेल तर बार्जचा तळ तिथे सोसतो, आणि गाळ भरणाऱ्या खाडीत ती गादी प्रत्येक वेळी डायव्हरकडून तपासावी लागते. वर्षाला एखादं जहाज असेल तर परवडतं.

खोली: जहाजाचा ड्राफ्ट (पाण्याखालची खोली) ३.२ मीटर, क्रेडल १.५, बार्जची उंची ६, क्रेडल आणि तळ यांच्यात मोकळी जागा ०.५, बार्जखाली १ मीटर. बेरीज १२.२ मीटर. एवढं पाणी धक्क्यालगत क्वचितच मिळतं, म्हणून पाँटून ओढत खोल जागी न्यावं लागतं. कलवरी वर्गाच्या पाणबुड्या पाँटूनवर असताना त्यांना माझगावहून पुढे नेऊन मुंबई बंदरात पाण्यात वेगळं केलं, त्याचं गणित हेच.

बुडवताना सर्वांत नाजूक क्षण बार्जचा डेक पाण्याखाली जातो तेव्हाचा. पाण्यावरचं क्षेत्र २,४३० चौ.मी. वरून एकदम फक्त बार्जच्या डेकवरच्या उभ्या टॉवरांपुरतं उरतं आणि स्थिरता झपकन घसरते. म्हणून डेक आडवा न बुडवता थोडा कलवून, एका टोकाकडून बुडवतात. दुसरं: जहाज स्वतः तरंगताना जेवढं कलणार आहे तेवढाच कल बार्जला आधी द्यायचा. नाहीतर एक टोक तरंगतं, दुसरं क्रेडलवरच राहतं आणि शेकडो टन एका शेवटच्या ब्लॉकवर येतात.

---

मांडवीकाठ

रुळांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वर्षाला अनेक जहाजं हलवायची असतील तर एसपीएमटी भाड्याने आणण्यापेक्षा शिपलिफ्ट आणि रूळ ही कायमची व्यवस्था शहाणपणाची. वास्कोला गोवा शिपयार्डमध्ये ६,००० टनांची शिपलिफ्ट आहे, कारवारच्या नौदल तळावर १०,००० टनांची. ही कल्पना मायामीच्या रेमंड पर्लसन यांची, १९५० च्या दशकातली. पाण्यात उतरणारं प्लॅटफॉर्म, त्याच्या दोन्ही बाजूंना विंचांच्या रांगा, सगळ्या विंच एकाच गतीने फिरतात आणि प्रत्येकीवर लोड सेल (भार मोजणारं उपकरण). प्लॅटफॉर्म वर आलं की त्यावरचे रूळ आणि यार्डातले रूळ एका रेषेत येतात, मग ट्रॉल्यांवरचं जहाज बाजूच्या बे मध्ये सरकवतात. इंग्लंडमध्ये बॅरोला डेव्हनशायर डॉक हॉलमधून अणुपाणबुड्या अशाच रुळांवरून बाहेर येऊन २४,००० टनांहून मोठ्या शिपलिफ्टवर उतरतात.

इथे भरतीचं सगळं गणित गळून पडतं, कारण प्लॅटफॉर्म धक्क्याला धरून आहे. पण भार प्रति मीटर पाहावा लागतो. एकूण ६,००० टन पेलणाऱ्या लिफ्टवर आखूड पण जड जहाज ठेवलं तर मधल्या विंच आधी भरतात. तुमचं जहाज १,८०० टन असूनही ८० मीटरवर सरासरी २२.५ टन प्रति मीटर होतं, आणि इंजिन रूमखाली ते बरंच जास्त येईल. विंचची मर्यादा तिथे तपासायची.

ट्रॉल्यांचे जॅक हायड्रॉलिकने एकमेकांना जोडलेले असतील तर रूळ बसल्याने काही बिघडत नाही. कोरे लाकडी ब्लॉक ठेवलेल्या साध्या ट्रॉल्या असतील तर रुळांत दोन-चार मिमी फरकही एका ट्रॉलीचा भार दुप्पट करू शकतो. रूळ आडवे-उभे जिथे छेदतात तिथल्या खाचा रोज साफ करा. वेल्डिंगचा एक तुकडा रुळावर राहिला तर चाक अडतं आणि मागचे जॅक ढकलत राहतात.

---

कोरडी_गोदी

एअरबॅगची बाजू. याला २०११ चं आयएसओ १४४०९ हे मानक आहे. पद्धत १९८१ पासून चीनमध्ये रुळली. ट्रेलर नको, रूळ नको, फक्त घट्ट दाबलेली जमीन आणि विंच.

एका बॅगचा भार = हवेचा दाब × टेकलेलं क्षेत्र. १.५ मीटर व्यासाची बॅग ०.६ मीटर उंचीपर्यंत दबली तर टेकणारी रुंदी ३.१४ × ०.९ ÷ २ = १.४१ मीटर. १० मीटर लांबी टेकली तर १४.१ चौ.मी. दाब ०.१ मेगापास्कल, म्हणजे प्रति चौ.मी. सुमारे १० टन. एका बॅगवर १४४ टन. १,८०० टनांना १.२ चा सुरक्षा गुणक लावून १५ बॅगा, आणि फिरवायला तीन-चार जादा. जादा का? बॅग लोळते तेव्हा जहाज तिच्या दुप्पट अंतर जातं, त्यामुळे मागे सुटलेली बॅग उचलून सतत पुढे नेऊन घालावी लागते. ३५० मीटरसाठी हे काम कंटाळवाणं आणि माणसांच्या जिवाला धोक्याचं आहे, म्हणून तुमच्या बाबतीत मी एअरबॅग फक्त शेवटच्या ५०-६० मीटर उतारासाठी सुचवेन. वळण तर बॅगांवर जवळजवळ जमतच नाही.

फुटतात कशाने? तळावर राहिलेले वेल्डिंगचे टोकदार थेंब, झिंकचे अ‍ॅनोड (गंज रोखायला तळाला लावलेले ठोकळे), बिल्ज कीलची (तळाच्या बाजूला लावलेल्या पट्टीची) कड, जमिनीतला खडा. तळ आधी ग्राइंडरने घासून, हात फिरवून तपासा. दोन बॅगांमधलं अंतर ६ मीटरपेक्षा जास्त नको, आणि इतकं कमीही नको की दबल्यावर त्या एकमेकींना घासतील. १.५ मीटरच्या बॅगेला २.९ मीटर तरी ठेवा. एक फुटली की शेजारच्या दोन तिचा भार घेतात आणि त्यांच्यात गुणक शिल्लक नसेल तर पुढच्याही जातात. बॅगेच्या तोंडाच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. लोखंडी तोंड सुटलं तर ते गोळीसारखं येतं. जहाज विंचच्या वायरवर धरलेलं असतं. वायर आणि जमिनीतला अँकर तुमच्या विषयातले, त्यांची ओढ-चाचणी आधी घ्या.

घसरवणं हा चौथा मार्गही आहे. उल्सानमध्ये ह्युंदाईने २००० च्या दशकात १,०५,००० टन डेडवेटचं (म्हणजे एवढा भार वाहू शकणारं) तेलवाहू जहाज सुक्या गोदीविना जमिनीवर बांधून, स्किडवरून (घसरपट्ट्यांवरून) बार्जवर नेलं. पोलादावर टेफ्लॉन पॅड असतील तर चालू झाल्यावर ५ टक्के बळ पुरतं, पण पहिला हलका धक्का द्यायला १० टक्के धरून जॅक निवडावेत. सुरुवातीचं घर्षण कमी लेखलं तर काय होतं ते १८५७ मध्ये इंग्लिश अभियंता ब्रुनेलच्या 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने दाखवलं. सुमारे १२,००० टनांचं जहाज, १२ ला १ उतार, लोखंडावर लोखंड. उताराचं बळ वजनाच्या ८ टक्क्यांहून जास्त होतं, तरी ते आपसूक सरकलं नाही. ३ नोव्हेंबर १८५७ ला सुरू झालेलं काम हायड्रॉलिक प्रेसनी रेटत रेटत ३१ जानेवारी १८५८ ला जहाज तरंगवून संपलं. याच जहाजाने पुढे १८७० मध्ये मुंबई ते एडन समुद्री तार टाकली.

---

दाब_आणि_झडप

स्किडबद्दल एकच भर: पॅडखालची धूळ आणि वाळू प्रत्येक स्ट्रोकनंतर पुसा. वाळूचे कण टेफ्लॉनमध्ये रुतले की ५ टक्के राहत नाहीत.

आणि @धक्का_अभियंता, एसपीएमटीच्या प्रत्येक सिलिंडरवर होज फुटल्यास आपोआप बंद होणारी झडप आहे का ते गाडी भाड्याने घेतानाच पाहा. ती नसेल तर एक होज फुटली की अख्खा गट बसतो. वाट आखताना ३५० मीटरवर दर १० मीटरला लेव्हल घेऊन नकाशा काढा आणि गाडी चालवणाऱ्याला द्या. कुठे उंचवटा आहे हे त्याला आधी माहीत असेल तर स्ट्रोक संपण्याआधी तो पाठ वर-खाली करून ठेवतो. तुमच्याकडे सर्व्हेची माणसं असतीलच, दोन दिवसांचं काम आहे.